आधी वॉट उतरवा, मग पॅडचं बोला

मे महिन्यात अकोल्यातल्या किंवा चंद्रपुरातल्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात जाऊन ‘गेमिंग लॅपटॉप फार तापतो हो’ असं म्हणा, समोरून ठरलेलं उत्तर येतं: कूलिंग पॅड घेऊन टाका. मित्र तेच सांगतात, व्हिडिओंमध्ये तेच सांगतात. लॅपटॉपचे हप्ते अजून फेडत असलेला विद्यार्थी मग आणखी हजार-बाराशे रुपये काढतो. पॅड येतो, तक्रार तशीच राहते. मग दुसरा सल्ला येतो, चिपवरची पेस्ट बदला. तिसरा, खोलीला एसी लावा. आणि चौथा, जो सर्वांत जास्त आत्मविश्वासानं दिला जातो: गेमिंग लॅपटॉप तापणारच, मनाला लावून घेऊ नका.

या चारही सल्ल्यांच्या तळाशी एकच गृहीतक आहे आणि माझा विरोध त्याला आहे. लॅपटॉप जेवढी उष्णता तयार करतो तेवढी तो करणारच, आपल्या हातात फक्त ती बाहेर काढणं उरतं, असं ही मंडळी धरून चालतात. हे साफ चुकीचं आहे. किती उष्णता तयार व्हावी हे बऱ्याच अंशी वापरणाऱ्याला ठरवता येतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्यानं सुरुवात तिथूनच केली पाहिजे. त्याला आधी खरेदीला पाठवणारा सल्ला हा त्याच्या पैशांवर उदार होणं आहे.

हिशेब करून बघू. लॅपटॉपमध्ये शिरलेली वीज शेवटी जवळपास सगळी उष्णताच होते. प्रोसेसरनं ४५ वॉट घेतले की ४५ वॉट उष्णता, ग्राफिक्स चिपनं ७० घेतले की ७०. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपनं स्वतः चढवलेलं तापमान. आणि हे चढवलेलं तापमान ती किती वॉट खाते याच्या साधारण प्रमाणात असतं. समजा, एखादा लॅपटॉप २५ अंशांच्या खोलीत गेम चालवताना ८५ अंशांवर स्थिरावतो. म्हणजे त्यानं ६० अंश चढवले. आता तोच लॅपटॉप, तोच गेम, तेच पंखे आणि खोली ४२ अंशांची. बेरीज होते १०२. गेमिंग लॅपटॉपमधले इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांना टेकले की स्वतःच वेग पाडतात. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपा त्याच्याही आधी, ८७ अंशांच्या आसपास. गेम अडखळायला लागतो. पंखा खराब झालेला नाही, पेस्ट वाळलेली नाही, लॅपटॉप ‘डिफेक्टिव्ह’ निघालेला नाही. १७ अंश बाहेरून आले आहेत, एवढंच.

हे १७ अंश सल्ला देणाऱ्यांच्या हिशेबात कधीच नसतात. ज्या परीक्षणांवर भरवसा ठेवून आपण लॅपटॉप निवडतो ती वातानुकूलित खोल्यांत किंवा थंड देशांत झालेली असतात. अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात तर लॅपटॉप चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश असं सरळ छापलेलं असतं. विदर्भात, खानदेशात एप्रिल-मेमधली दुपार या ३५ च्या पलीकडेच सुरू होते, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकरालाही पारा फारसा खाली आलेला नसतो. तिथल्या मुलाला युरोपातल्या हिवाळ्यात तपासलेला उपाय सांगणं म्हणजे त्याची अडचण ऐकूनच न घेणं.

आता त्याच लॅपटॉपला ४२ अंशांच्या खोलीत पुन्हा ८५ वर आणायचं आहे. म्हणजे त्यानं ६० ऐवजी ४३ अंशच चढवले पाहिजेत. म्हणजे वॉट साधारण २८ टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. ऐकायला हा मोठा त्याग वाटतो. पण चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय जास्त वेगासाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं. वेग १० टक्क्यांनी कमी केला आणि व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरलं, तर ०.९ ला ०.९ नं आणि पुन्हा ०.९ नं गुणा: उत्तर ०.७२९. वेग गेला १० टक्के, वीज वाचली २७ टक्के. म्हणजे विदर्भातला उन्हाळा भरून काढायला जेवढी वीज कमी करावी लागते तेवढी जवळपास सगळी. हे गणित आदर्श स्थितीचं आहे. एका मर्यादेखाली व्होल्टेज उतरत नाही आणि तिथे एवढा फायदा मिळत नाही. पण टर्बोच्या, म्हणजे मूळ वेगापलीकडे चिप स्वतःहून झेपावते त्या वेगाच्या, वरच्या टोकाला, जिथे गेमिंग लॅपटॉप कारखान्यातूनच नेऊन बसवलेले असतात, तिथे शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झसाठी चिप अवाच्या सवा वीज पिते. खर्च नेमका तिथे होतो आणि कापायचंही नेमकं तिथेच.

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप मला माहीत आहे, कारण हा विषय काढला की तो हमखास येतो. ‘पैसे पूर्ण मोजलेत, मग ताकद कमी का करायची?’ तो रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर दिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, ती ताकद तुम्हाला तशीही मिळत नाही. १०० अंशांना टेकलेला प्रोसेसर वेग पाडतो, जरा निवला की पुन्हा वर झेपावतो, पुन्हा टेकतो, पुन्हा पडतो. खेळणाऱ्याला हे कसं जाणवतं? सरासरी एफपीएस बरे दिसतात आणि ऐन चकमकीत चित्र गचके खातं. ज्याला आपण ‘लॅग’ म्हणून नेटवर्कच्या माथी मारतो त्यातला बराचसा हा असतो. ४.४ गिगाहर्ट्झची पाटी लावून वरखाली उड्या मारणाऱ्या चिपपेक्षा ३.६ वर ठाम उभी राहणारी चिप खेळायला चांगली. हे स्वस्त लॅपटॉपचंच दुखणं आहे असंही नाही. २०१८ मध्ये अ‍ॅपलनं कोअर आय९ प्रोसेसरचा मॅकबुक प्रो काढला तेव्हा तो तापून इतका मंदावत होता की एका परीक्षकानं तो फ्रीझरमध्ये ठेवून चालवला आणि काम लवकर उरकलं. पुढे अ‍ॅपलनं सॉफ्टवेअरमधली चूक मान्य करून दुरुस्ती दिली. लाखांच्या घरातल्या यंत्रात हे घडलं, आणि दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअरनं. पंखा तोच राहिला.

दुसरी गोष्ट, ‘पूर्ण ताकद’ नावाचं एकच ठिकाण चिपमध्ये नसतं. इंटेल आय५-१२४५०एचसाठी इंटेलचाच आकडा ४५ वॉटचा आहे, आणि टर्बोत तो ९५ पर्यंत जाऊ शकतो. आरटीएक्स ३०५० ही लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप ३५ ते ८० वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेत विकली जाते आणि नाव तेच राहतं. म्हणजे किती वॉट द्यायचे हा निर्णय लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं घेतलेला असतो, आणि तो घेताना तिच्यासमोर बेंचमार्कचे तक्ते असतात, ज्यात दोन टक्के पुढे असणं म्हणजे विक्री. त्या दोन टक्क्यांची वीज आणि उष्णता तुमच्या मांडीवर येते. कंपनीनं तिच्या सोयीनं ठरवलेला आकडा तुम्ही तुमच्या खोलीच्या सोयीनं बदललात तर तुमचं काहीच लुबाडलं जात नाही.

तिसरी गोष्ट फ्रेमची. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला १४४ चित्रंच दाखवू शकतो. व्हॅलोरंटसारखा हलका गेम मोकळा सोडला की चिप त्याहून किती तरी जास्त चित्रं काढत बसते. मेन्यूत, सामना जुळण्याची वाट बघताना, जिथे काहीच घडत नाही तिथेही ती जीव तोडून काम करत असते. हे नवं नाही. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा त्याच्या मेन्यूच्या पडद्यांवर फ्रेमला मर्यादाच नव्हती आणि लोकांची ग्राफिक्स कार्डं तापायला लागली. ब्लिझार्डनं सेटिंगच्या फाईलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या, गेममध्ये ६० आणि मेन्यूत ३० फ्रेमची मर्यादा. दोन ओळी, फुकट. आज तेच काम एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मॅक्स फ्रेम रेट’ या एका खटक्यानं होतं, आणि तापणाऱ्या लॅपटॉपवर सर्वांत आधी हात घालायचा तो तिथे. कथेचे गेम ६० वर बांधा. अटीतटीचे शूटर खेळणाऱ्यांना ६० आणि १४४ मधला फरक खरोखर जाणवतो, ते मी नाकारत नाही. त्यांनी १२० किंवा १४४ वर बांधावं आणि सावल्या, प्रतिबिंबं असल्या गोष्टी खाली आणाव्यात. न बांधता सोडणं मात्र कुणाच्याच फायद्याचं नाही.

प्रोसेसरचं बांधणं थोडं नाजूक आहे आणि इथे फुकटच्या सल्ल्यांमध्येही गल्लत होते. ‘पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो सरसकट देणं चूक आहे. रायझन ५ ५६००एचचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. टर्बो बंद करून तो तिथे थांबला तर बहुतेक गेमना फारसा फरक पडत नाही आणि तापमान धाडकन उतरतं. पण आय५-१२४५०एचच्या मुख्य कोअरचा मूळ वेग २ गिगाहर्ट्झ आहे आणि टर्बोत तो ४.४ ला जातो. तिथे ९९ टक्क्यांचा उपाय केला की गेम लंगडतो, मुलगा वैतागून सगळं पूर्ववत करतो आणि ‘असल्या सेटिंगांनी काही होत नाही’ असं कायमचं ठरवून बसतो. त्याला सांगायला हवं ते वेगळंच: विंडोजमध्ये प्रोसेसरच्या कमाल वेगाची एक लपवलेली सेटिंग आहे, ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेनं ती उघडता येते, आणि तिथे साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपास आकडा टाकून पुढे-मागे करत आपला बिंदू शोधता येतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून मुख्य आणि छोट्या कोअरसाठी हे आकडे वेगवेगळे असतात, तेवढं बघून घ्यावं. हेही नको असेल तर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ‘परफॉर्मन्स’वरून ‘बॅलन्स्ड’वर या. एक बटण दाबायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपचं व्होल्टेज मुद्दाम उतरवणं, याबद्दलही एक सरसकट विधान ऐकू येतं, ‘ते आता बंद झालंय’. अर्धवट खरं. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली. व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरला चुकीची उत्तरं काढायला लावता येतात, असं संशोधकांनी दाखवलं, आणि त्यानंतर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर प्रोसेसरचं व्होल्टेज कुलूपबंद झालं. पण ग्राफिक्स चिपचं दार उघडं आहे. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, ते इतर कंपन्यांच्या लॅपटॉपवरही चालतं, आणि त्यात वेग-व्होल्टेजचा आलेख हवा तिथे सपाट करता येतो. गेममध्ये बहुतेक वेळा जास्त वॉट खाणारी चिप हीच असते. थोडं थोडं उतरवा. गेम बंद पडला तर एक पायरी मागे या. व्होल्टेज कमी केल्यानं चिप जळत नाही, फार तर कार्यक्रम कोसळतो.

आता पॅडकडे वळू. पॅडचा थोडा फायदा होतो, ते मी मान्य करतो. माझं म्हणणं इतकंच की त्यातला मोठा वाटा लॅपटॉप टेबलापासून वर उचलला जाण्याचा असतो, आणि त्यासाठी मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं पुरतात. साध्या पॅडचे पंखे यूएसबीच्या जोडणीवर चालतात, म्हणजे जेमतेम दोन-अडीच वॉटवर. त्यांची हवा हलकी असते, ती लॅपटॉपच्या तळावर आपटून बाजूंनी निसटते. तळाच्या जाळ्या नेमक्या जिथे आहेत तिथे पॅडचा पंखा येईलच असंही नाही. रंगीत दिवे मात्र प्रत्येकात असतात. कडेनं फोम लावून हवा बाहेर निसटूच न देणारे, मोठ्या ब्लोअरचे पॅड खरंच तापमान उतरवतात. पण त्यांची किंमत आणि त्यांचा आवाज दोन्ही या लेखाच्या वाचकाला परवडणारे नाहीत, आणि शेजारच्या खाटेवर झोपलेल्या रूममेटला तर नाहीतच. आणि गादीवर, रजईवर ठेवून खेळणाऱ्यांसाठी: तिथे कुठलाही पॅड वाचवणार नाही, तळाच्या जाळ्या कापडानं बंद होतात. एक पाट किंवा लाकडी फळी घ्या.

आता पेस्टचा सल्ला. लॅपटॉपमधून १०० वॉट बाहेर काढायचे आणि आत गेलेली हवा २५ अंशांनी गरम होऊन बाहेर पडायची, तर सेकंदाला साडेतीन लिटरच्या आसपास हवा तांब्याच्या पातळ पत्र्यांमधून वाहायला हवी. त्या पत्र्यांच्या तोंडाशी, पंखा आणि हीटसिंकच्या मधोमध, धूळ आणि कापडाचे तंतू मिळून एक जाड थर बसतो. बाहेरून तो दिसत नाही. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या आणि राखेच्या गावात तो लवकर बसतो, आणि कॉटनच्या चादरीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांच्यात सगळीकडेच. हवाच गेली नाही तर चांगल्यातली चांगली पेस्ट काय करणार? त्यामुळे ‘पेस्ट बदला’ हा सल्ला अपुरा आहे. आधी ‘उघडा आणि झाडा’.

‘उघडलं की वॉरंटी गेली’ ही भीती दुकानदारांनी बरीच पोसली आहे. अनेक कंपन्या रॅम किंवा एसएसडी वाढवायला तळाचं झाकण उघडू देतात. आपल्या कंपनीच्या अटी स्वतः वाचाव्यात, ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आत शक्य असेल तर बॅटरीची पिन सोडवलेली. कुठला स्क्रू कुठून निघाला ते कागदावर त्याच आकृतीत मांडून ठेवा, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला की मदरबोर्डलाच लागतो. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि मगच ब्रश किंवा ब्लोअर मारा. मोकळा पंखा ब्लोअरच्या झोतात भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. हे रस्त्याकडेच्या सर्व्हिसिंगवाल्यांनीही लक्षात ठेवावं, कारण झोत मारून पंखा भिंगरीसारखा फिरवून दाखवणं हीच सफाई असं त्यांतल्या अनेकांना वाटतं.

पेस्ट खरोखर बदलायची वेळ येते ती दोन-तीन वर्षांनी. चिप तापते-निवते, प्रसरण-आकुंचन होतं आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. काही शे रुपयांची साधी, वीज न वाहणारी पेस्ट पुरते. हीटसिंकवर स्क्रूंना क्रमांक छापलेले असतात, ते त्याच क्रमानं थोडे थोडे आवळायचे. ग्राफिक्सच्या मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड फाटले तर अगदी त्याच जाडीचे आणायचे. जाड आणले की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. थोडे पैसे जास्त असतील तर हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी चकती घ्यावी, जी साधारण ४५ अंशांपुढे मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी कडेला सरकत नाही. लिक्विड मेटलच्या वाटेला मात्र घरच्या घरी कुणी जाऊ नये. ते गॅलियमचं मिश्रण असतं, वीज वाहतं, ॲल्युमिनिअमला खाऊन टाकतं, आणि एक थेंब बाजूला ओघळला की पाच अंशांसाठी अख्खा मदरबोर्ड गमावण्याची पाळी येते. काही कंपन्या ते कारखान्यात भरतात, पण भोवती बांध घालून, यंत्रानं. ज्याच्याकडे दुसरा लॅपटॉप घ्यायला पैसे नाहीत त्याला हा उपाय सुचवणाऱ्यांचा मला राग येतो.

‘तापणारच, त्याचं काही नसतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं राहिलं. ९५ अंशांना चिप जळून जात नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ती स्वतःला वाचवते आणि फारच वर गेली तर लॅपटॉप बंद करते. पण लॅपटॉप म्हणजे काही एकटी चिप नाही. त्याच पेटीत हाताच्या अंतरावर लिथियम-आयन बॅटरी आहे. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था, या दोन गोष्टी तिला सर्वांत लवकर म्हातारी करतात, आणि चार्जर लावून खेळणाऱ्याच्या बॅटरीला दोन्ही एकदमच सोसाव्या लागतात. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक वेळा असते. ती सुरू करा, फुकट आहे. चिप आणि बोर्ड यांच्यातले सूक्ष्म सांधेही रोजच्या तापण्या-निवण्यानं थकतात. २००८ मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या आपल्या ग्राफिक्स चिपा मोठ्या प्रमाणावर निकामी होत असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. चिपच्या बांधणीत वापरलेलं साहित्य ताप सोसायला कमी पडलं होतं. चूक कंपनीची होती, पण ती उघडी पडली तापमानाच्या चढउतारात. आणि ज्यांचे लॅपटॉप बंद पडले त्यांना ‘तापणारच’ म्हणणारं कुणी भरपाई द्यायला आलं नाही.

खोलीबद्दल. दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड किलोवॉट वीज घेतो. सव्वाशे वॉटच्या लॅपटॉपसाठी तो लावणं हा काटकसरीचा सल्ला असूच शकत नाही. माणसांना एसी हवा असेल तर जरूर लावा, लॅपटॉपच्या नावावर बिल फाडू नका. छताचा पंखा खोलीची हवा थंड करत नाही. घाम सुकवून तो आपल्याला गार वाटायला लावतो, लॅपटॉपला घाम येत नाही. त्याचा उपयोग एवढाच की लॅपटॉपनं बाहेर फेकलेली गरम हवा भोवती साचत नाही.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हा खरा आणि स्वस्त मित्र आहे. बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी असेल तर चांगल्या वाळ्याच्या किंवा हनीकोंबच्या जाळीतून येणारी हवा तिशीच्या आसपास उतरते. वरच्या हिशेबात हे थेट १० अंश वजा आहेत आणि चिपपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात. ‘कूलरच्या दमट हवेनं लॅपटॉप खराब होतो’, असं घराघरांत सांगतात. हवेतला ओलावा थंड वस्तूवर जमतो; चालू लॅपटॉप खोलीपेक्षा गरम असतो, त्याच्यावर पाणी जमायचं कारण नाही. कूलरचे तुषार थेट अंगावर येणार नाहीत इतकं अंतर ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा, म्हणजे हवा साचणार नाही. मुंबईत आणि कोकणात हा उपाय चालत नाही, तिथली हवा आधीच ओली आहे. तिथल्यांनी वॉट उतरवण्यावरच भर द्यावा. आणि बर्फाच्या पिशव्या, गार पाण्याचा ओला रुमाल लॅपटॉपखाली ठेवणारे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नये. पावसाळ्यात मुंबईची हवा २५ अंशांच्या वस्तूवरही दव धरते. बर्फानं गार झालेल्या तळावर पाणी जमेल आणि ते आत जाईल.

शेवटचा आक्षेप असा की गेमिंग लॅपटॉप घेणंच चूक, डेस्कटॉप घ्यायला हवा होता. डेस्कटॉप त्याच पैशात जास्त थंड आणि जास्त वेगवान असतो, यात वाद नाही. पण वाशिमहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलीला तो दर सुट्टीत ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नेता येत नाही. तिच्याकडे एकच संगणक आहे. त्यावरच तिचं ऑटोकॅड, त्यावरच ब्लेंडर, प्रोजेक्टची रात्र आणि परीक्षा संपल्यावरचा गेम. ‘हे घ्यायलाच नको होतं’ हे वाक्य तिच्या काही कामाचं नाही. तिनं एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकावं, गेम चालू ठेवून प्रोसेसरचे आणि ग्राफिक्सचे वॉट आणि तापमान टिपावेत, फ्रेम बांधावी, टर्बो उतरवावा, पुन्हा टिपावेत. तरीही आकडे चढेच राहिले तर झाकण उघडावं. यातल्या कुठल्याही पायरीवर दुकानात जायची गरज पडत नाही.

आणि ज्यांनी हे लॅपटॉप बनवले त्यांच्याकडे मागणी करायला आपण का कचरतो? भारतात एवढे गेमिंग लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांनी ४० अंशांच्या खोलीसाठी एक तयार सेटिंग द्यावी, जी आज प्रत्येकाला लपवलेल्या मेन्यूंमध्ये शोधावी लागते. पंख्यापर्यंत पोहोचायला अख्खा तळ उचकटावा लागू नये म्हणून दोन स्क्रूचं वेगळं झाकण ठेवावं. आणि खोक्यावर ८० वॉट, ९५ वॉट असे आकडे मिरवताना ते किती अंशांच्या खोलीत मोजले, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं.